थोडी द्रुत, पण बेतानेच

पाश्चात्य अभिजात संगीतात रचनेचे नाव पुष्कळदा नाव नसतेच. वाद्ये, पट्टी आणि लय यांची ती एक कोरडी नोंद असते. संगीतरचनाकार सेझार फ्रांक यांच्या व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेल्या सोनाटाचेही, म्हणजे चार भागांच्या वाद्यरचनेचेही, तसेच आहे. पट्टी ए मेजर, आणि पहिला भाग ‘अलेग्रेत्तो बेन मोदेरातो’, म्हणजे लय थोडी द्रुत, पण चांगली आवरलेली. मेजर म्हणजे प्रसन्नता आणि अलेग्रेत्तो म्हणजे हलकी चाल, असा हिशेब यावरून कोणी मांडला तर तो चुकीचा ठरणार नाही. मात्र प्रत्यक्ष ऐकताना जे जाणवते ते त्या हिशेबात कुठेच सापडत नाही. मला या पहिल्या भागात प्रसन्नतेपेक्षा वाट पाहणेच अधिक ऐकू येते, आणि तसे का व्हावे याचा विचार करण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत.

मेजरचे स्वर म्हणजे आपल्या बिलावलाचेच स्वर. त्यातही ए या स्वराला षड्ज मानणारी ही पट्टी व्हायोलिनला मानवणारी आहे, कारण वाद्याच्या चार मोकळ्या तारांपैकी डी, ए आणि ई या तिन्ही तिच्यात सहज बसतात. त्या तारांना गज लागलेला नसला तरी त्या सहकंपनाने घुमतात आणि नाद उजळून निघतो. असा हाताशी आलेला उजेड फ्रांक मात्र लगेच देत नाहीत. पियानो ज्या कॉर्डने, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाने, सुरुवात करतो तो ई या स्वरावर उभा आहे, म्हणजे षड्जावर नव्हे, तर पंचमावर. एकावर एक रचलेल्या त्याच्या पाच स्वरांत खुद्द ए हा स्वरच नाही. चार आवर्तने पियानो अशा अधांतरी कॉर्डांतून चाचपडत राहतो, मग व्हायोलिन आत येते, आणि तेही एखादे ठाम विधान करत नाही; एक स्वर, त्याच्या वरचा तिसरा, पुन्हा पहिला, अशी नुसती विचारपूस केल्यासारखी त्याची चाल आहे. पट्टीचे नाव मुखपृष्ठावर छापलेले असताना तिचा आधारस्वरच ऐकणाऱ्यापासून राखून ठेवायचा, ही या रचनेची पहिली खोडी.

दुसरी खोडी लयीची, आणि तिच्यामागे एक हकीकत आहे. हा सोनाटा फ्रांक यांनी 1886 मध्ये बेल्जियन व्हायोलिनवादक यूजेन इझाई यांना लग्नाची भेट म्हणून दिला. पहिला भाग संथ असावा अशी फ्रांक यांची मूळ कल्पना होती; इझाईंनी तो थोड्या चढ्या लयीत वाजवला आणि फ्रांक यांना ते पटले. त्रेसष्ट वर्षांच्या रचनाकाराने अठ्ठावीस वर्षांच्या वादकाचे ऐकून आपल्या रचनेची लय बदलावी, याचे मला फार कौतुक वाटते. बदलताना ‘बेन मोदेरातो’चा लगाम मात्र हाती ठेवला आहे.

हा बदल किती शहाणपणाचा होता ते दोन वाद्यांच्या स्वभावात आहे. गज फिरतो आहे तोवर व्हायोलिनचा स्वर टिकतो, वाढवताही येतो. पियानोचा स्वर मात्र वाजताक्षणी विरू लागतो. लय फार उतरली की व्हायोलिन आपली लांब ओळ गात राहते आणि खालचे कॉर्ड तिला सोडून केव्हाच निघून गेलेले असतात. शिवाय ठेका आहे नऊ मात्रांचा, तीन-तीनच्या तीन गटांत झुलणारा. झोपाळ्याला जशी एक किमान गती लागते, तिच्याखाली तो नुसता लोंबकळतो, तशीच गत या नऊ मात्रांची होते. काही नामवंत वादक हा भाग इतका सावकाश वाजवतात की वाट पाहणे संपून शोक सुरू होतो. त्यांच्या नादमाधुर्याबद्दल शंका नाही. पण तो शोक या स्वरांत आहे असे मला वाटत नाही.

दुसरा भाग डी मायनरमध्ये (मायनर म्हणजे मेजरहून गडद छटेची पट्टी), खरोखरच द्रुत आणि खवळलेला आहे. मैफलीत टाळ्या याच भागाला मिळतात आणि त्याबद्दल अधिक काही सांगण्याची गरजही नाही. तिसऱ्या भागात ठेका जवळजवळ सुटतो. व्हायोलिन एकटेच बोलू लागते, थबकते, मागच्या भागांतले काही आठवते, आणि शेवट एफ शार्प मायनरमध्ये होतो. ही पट्टी आणि ए मेजर यांचे स्वर तेच, फक्त आधारस्वर निराळा. त्यामुळे चौथा भाग ए मेजरमध्ये उघडतो तेव्हा नवे काही आल्यासारखे वाटत नाही. खोलीतल्या वस्तू त्याच असून खिडकी तेवढी उघडली गेली आहे असे वाटते. पहिल्या भागात जो षड्ज इतका राखून ठेवला होता, तो आता मोकळेपणाने मिळतो.

या शेवटच्या भागात पियानो एक साधी, गाण्यासारखी धून सुरू करतो आणि एका आवर्तनाच्या अंतराने व्हायोलिन तीच धून घेऊन त्याच्या मागून येते. पाठलागाची ही रचना, म्हणजे कॅनन, एरवी विद्वत्तेचा व्यायाम वाटावा अशी. इथे तिच्यातला अभ्यास ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. एक अडचण मात्र आहे. धून आधी पियानोची असल्यामुळे लय ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच जातो, आणि सूचना ‘थोडी अधिक गती’ एवढीच असताना पुष्कळ पियानोवादक शेवट दिसू लागल्यासारखे धावत सुटतात. मग व्हायोलिनला धाप लागते, आणि सहजपणे मागोमाग येण्यातली सगळी गंमत जाते. म्हणून नवे ध्वनिमुद्रण हाती आले की मी हल्ली आधी चौथा भाग लावतो, आणि पियानोवादक कोण आहे ते व्हायोलिनवादकाच्या आधी पाहतो.