एमजीबीचा ऑइल कूलर : थर्मोस्टॅट जमला, युनियन पाझरतोय

माझ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या ऑइल कूलरला (इंजिन-ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर) थर्मोस्टॅट बसला, ऑइलचं तापमान हवं तिथे आलं आणि कूलरच्या डाव्या युनियनला (होजच्या नटाच्या जोडाला) गळती लागली. गार इंजिनावर सगळं कोरडं ठणठणीत. ऑइल ८० अंशांच्या पुढे गेलं आणि दाबाचं गेज ६० पीएसआयला टेकलं की नटाच्या खालच्या कडेवर थेंब जमायला लागतो. कूलर ऑइल नको तितकं थंड ठेवतो म्हणून मागच्या वेळी ठरवलेलं ‘कूलर काढूनच टाकू’ हे प्रकरण सध्या थांबलंय, ते का, हे आधी.

गाडी तीच : १९६९ची क्रोम बंपर, राइट-हँड ड्राइव्ह, ओव्हरड्राइव्हवाली (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी सोय), मुक्काम यॉर्कशायर. पाच मेन बेअरिंगचं १७९८ सीसी इंजिन आणि १३ ओळींचा कूलर. हवा ८ अंश असताना ५५ मैलांच्या वेगाला चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल ६८ अंशांवरच अडकायचं. कूलण्टचा काटा मात्र छान मध्यावर, कारण तिथे ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आहे. ऑइलला तसं कोणी राखणदार नाही, त्यामुळे पाण्याच्या काट्यावरून ऑइलचा अंदाज बांधू नये. इतक्या थंड ऑइलमधून पाणी आणि चोकच्या वेळी आलेलं पेट्रोल धड उडून जात नाही. फिलर कॅपखाली पिवळट साय धरते, ती यातूनच.

मोजायचं असेल तर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) डिपस्टिकच्या नळीतून खाली सोडा. आधी तो डिपस्टिकशेजारी धरून ‘मॅक्स’ खुणेच्या जरा खालपर्यंतची लांबी मोजून टेप गुंडाळा, म्हणजे टोक क्रँकच्या वाटेत जाणार नाही. इन्फ्रारेड गन होजवरच्या चकाकत्या स्टीलच्या विणीवर किंवा पितळी युनियनवर धरली तर आकडा बराच कमी दाखवते. तिथे काळ्या मॅट टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

कूलरसमोर पुठ्ठा लावल्यावर तोच ६८चा आकडा ८२वर गेला. हिवाळ्यापुरता पुठ्ठा पुरेसा आहे असं म्हणणारे बरेच आहेत आणि धावत्या गाडीपुरतं ते खरंही आहे. पण पुठ्ठ्याने हवा अडते, ऑइल नाही. बी-सिरीजमध्ये, म्हणजे एमजीबीच्या या इंजिनात, ऑइल पंपातून ब्लॉकच्या मागच्या तोंडाने बाहेर पडतं, आधी कूलरमध्ये जातं, मग फिल्टरमध्ये आणि शेवटी मेन गॅलरीत, म्हणजे बेअरिंगना ऑइल पोहोचवणाऱ्या मुख्य वाटेत. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) या सगळ्याच्या आधी बसतो. सकाळी कूलरमधलं २०डब्ल्यू-५० घट्ट झालेलं असतं, ते पुढे सरकायला वेळ घेतं, आणि तोवर रिलीफ व्हॉल्व्ह उरलेलं ऑइल चेंबरमध्ये परत सोडत राहतो. बेअरिंगच्या वाट्याला उशिरा येतं.

याच रचनेचा फायदा म्हणून सांगतात की कूलरमधला कचरा पुढे फिल्टरमध्ये अडकतो. अडकतो, पण ऑइल गरम असताना. थंडीत घट्ट ऑइलने फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडला की तो कचरा सरळ गॅलरीत. म्हणून बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर धुऊन परत लावणं हा खोटा काटकसरीपणा आहे. त्या पातळ नळ्यांतला चुरा पूर्ण निघत नाही. नवा घ्या.

मग काढून का नाही टाकला? कारण उन्हाळा आणि मोटरवे. ७० मैलांना ओव्हरड्राइव्हशिवाय हे इंजिन साधारण ३९०० आरपीएमवर फिरतं, ओव्हरड्राइव्हमध्ये ३१५०च्या आसपास. ओव्हरड्राइव्ह लावून, गावातल्या गावात फिरणाऱ्याने ब्लॉक ते फिल्टर असा थेट स्टीलचा पाइप लावला तर काही बिघडणार नाही; कूलर नसलेल्या बी-सिरीजला तो मुळातच असायचा. फक्त दोन होज कापून क्लिपने जोडायचा जुगाड नको, तिथे ८० पीएसआयपर्यंत दाब असतो. कूलर गेला की भरताना जवळपास ०.४ लिटर ऑइल कमी लागतं, हेही लक्षात ठेवा.

म्हणून मधला मार्ग : ८० अंशांना उघडणारा इन-लाइन थर्मोस्टॅट, अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइपचं माप) आट्यांचा, मोकल कंपनीचा. महाग आहे, पण पैसा वसूल माल. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते पाहा. एका बाजूची दोन तोंडं इंजिनाची, दुसऱ्या बाजूची दोन कूलरची. ती उलटसुलट झाली तर कूलर नुसता शोभेला राहतो. बंद असतानाही थोडंसं ऑइल कूलरकडे जातंच; तो दोष नव्हे, त्याने कूलर भरलेला राहतो. फिल्टरजवळ जागा हवी होती, पण राइट-हँड गाडीत तिथून स्टीअरिंग कॉलम जातो, म्हणून रेडिएटरच्या पत्र्यामागे ब्रॅकेटवर बसवला. परिणाम : त्याच ८ अंशांच्या हवेत, पुठ्ठा न लावता, ८८ अंश. हा आकडा पाहून जीव सुखावला.

आता तो थेंब. आधी संशय आट्यांवर. अर्धा इंच बीएसपी म्हणजे बाहेरचा व्यास २०.९५ मिमी आणि इंचाला १४ आटे. डॅश-१० जेआयसीलाही (होजच्या जोडांचं अमेरिकी माप) इंचाला १४च, पण व्यास २२.२ मिमी. नट नुसत्या हाताने फिरवून बघितला की फरक कळतो, डगडगतो. इथे डगडगत नव्हता, व्हर्नियरवरही बरोबर. जास्त आवळून फरक पडेना. आवळताना दोन पाने लागतात हे पुन्हा सांगतो : एक नटाला, दुसरा कूलरच्या मानेच्या षट्कोनाला. एकाच पान्याने ताकद लावली की मान पिळवटते आणि ब्रेझिंगला चीर जाते. टेफ्लॉन टेपचा सल्ला विसरा. या जोडात आटे ऑइल अडवतच नाहीत, कोन (होजच्या टोकाचा शंकूसारखा उतार) अडवतो, आणि टेपचे धागे ऑइलमध्ये शिरतात.

कोनावर मार्किंग ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावलं, हलकं आवळलं, उघडलं. सीटवर (कोन टेकतो त्या जागेवर) रुंद पट्टा उमटायला हवा होता. उमटली केसाएवढी बारीक रेघ, तीही अगदी कडेला आणि एका जागी तुटलेली. बीएसपीची सीट ३० अंशांची, होजचं टोक मात्र ३७ अंशांचं, म्हणजे जेआयसीचं. बनवणाऱ्याने बीएसपी नटात जेआयसीचं टोक घालून क्रिम्प केलंय (होजवर दाबून पक्कं केलंय). थंडीत घट्ट ऑइल त्या रेघेवर अडतं, पातळ झालं की निसटतं. पुरवठादाराला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘आणखी आवळा.’ होज मागवताना फक्त आट्यांचा आकार लिहू नका, कोनही लिहा आणि माल हातात आला की ब्लू लावून तपासा.

पहिला बेत तेवढं टोक बदलायचा होता. पण ब्लू पुसताना होजखालचा ग्रोमेट (पत्र्याच्या भोकातली रबरी कडी) दिसला : स्टीलच्या विणीने रबर अर्धं कापलंय आणि पत्र्याची कडही चकाकायला लागलीय. उघडी वीण कानशीसारखी चालते. हा होज फुटला तर पूर्ण दाबाचं ऑइल रस्त्यावर आणि बेअरिंगची वाट. तेव्हा दोन्ही बाजूंचे होज बदलणार, वरून कापडी विणीचे रबरी, ३० अंशांच्या टोकाचे. लावल्यावर कॉइलची पांढरी वायर काढून, गेज उचलेपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा आणि मगच इंजिन चालू.

हे लिहितानाच सुचलं : गेजच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून प्रेशर स्विच आणि डॅशवर लाल दिवा. या इंजिनाचं गरम आयडलिंग १० ते २५ पीएसआय, त्यामुळे २०चा स्विच प्रत्येक सिग्नलला लुकलुकेल. ७चा बरा. होज फुटताना डोळे रस्त्यावर असतात, काट्यावर नाही. दिव्याचं काम होजच्या आधी उरकतो.

पुण्या-मुंबईच्या एमजीवाल्यांनो, वरचे आकडे तिकडे लावू नका. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढायचा असेल तर कूलर हवाच, थर्मोस्टॅट नसला तरी चालेल. ग्रोमेट मात्र आजच बघा. आणि तिकडे कापडी विणीचा चांगला होज कोण क्रिम्प करून देतं, तेही लिहा.