फटीतला धंदा : आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तो खिडक्यांच्या दुरुस्तीतून. पल्ला अडकतो, कडी लागत नाही, तावदान खुळखुळतं, पावसात खिडकीखाली ओल येते, अशी किरकोळ कामं आम्ही घ्यायचो. मी सुतारकाम शिकलेला, धाकटा भाऊ वेल्डिंगमधला. नवी खिडकी बनवायला ना जागा होती ना यंत्रं. पण त्या किरकोळ कामांनीच आमचे डोळे उघडले. ‘खिडकी खराब झालीय’ म्हणून बोलावणं यायचं आणि उतरवून पाहावं तर पल्ल्याचा काहीच दोष नसायचा. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत सिमेंटचा माल कोंबलेला, तो सुटलेला आणि पाणी तिथून आत. तेव्हापासून आम्ही त्या फटीच्या मागे लागलो आहोत.

हातात थोडा पैसा खेळायला लागल्यावर कटिंग मशीन घेतलं आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवायला लागलो. लाकूड ओलाव्याने फुगतं हे हाताला माहीत होतं; धातू उन्हाने फुगतो हे नव्याने शिकावं लागलं. तापमान 40 अंशांनी वाढलं की दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी जवळपास 2 मिलिमीटर लांबते. पुढे यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांचं कडक प्लास्टिक, आलं, ते तर ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट फुगतं. त्यामुळे ‘चांगली घट्ट बसवा हो’ हा लोकांचा लाडका आग्रह मोडून काढण्यात आमचा बराच वेळ जातो. चौकटीला चारही बाजूंनी थोडी मोकळीक हवीच. ती नसेल तर उन्हाळ्यात चौकट मध्येच पोट काढते आणि पल्ले अडकतात.

यूपीव्हीसीचे कोपरे तापलेल्या पट्टीवर वितळवून एकमेकांना चिकटवतात आणि त्याआधी आतल्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, लोखंडी पट्टी सरकवतात. मोठ्या पल्ल्याचा कणा ती. बाहेरून दिसत नसल्यामुळे ती न घालता पैसे वाचवण्याचा मोह या धंद्यात फार. कोणाकडूनही काम करून घ्या, पण चौकटीचा आडवा कापलेला तुकडा बघायला मागा. तो दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

काही काळ आम्ही नव्या इमारतींची कामंही केली. तिथे सगळा हिशेब चौरस फुटाचा, सगळ्यात कमी दर त्याचं काम. एका बांधकामवाल्याने शेवटचं बिल इतकं लांबवलं की कारागिरांचे पगार उसनवारीवर भागवावे लागले. त्यानंतर ठरवलं, राहत्या घरातल्या जुन्या खिडक्या काढून नव्या बसवणं, एवढंच करायचं. काम कटकटीचं आहे: धूळ, सामान हलवणं, शेजाऱ्यांची तक्रार, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीतलं भगदाड बंद झालंच पाहिजे ही घाई. पण बिल देणारा माणूस त्याच घरात राहत असतो. काम कसं झालंय हे त्याला पहिल्या पावसात कळतं.

मोजमाप आम्ही फोनवर घेत नाही, फोटोवरूनही नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजायची, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, आणि प्रत्येकीचं सगळ्यात लहान माप धरायचं. मग दोन्ही कर्ण. ते सारखे नसले तर खिडकीचं तोंड काटकोनात नाही. जुन्या घरांत ते बहुधा नसतंच. ओळंबा लावायचा, खालच्या बैठकीवर पाणसळ ठेवायची. उतार आतल्या बाजूला निघाला तर तो आधी गवंड्याकडून सुधारून घ्यायचा, खिडकीचं नंतर. एवढी चिकाटी कशासाठी, तर टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. कापायला गेलात तर तिचे तांदळाएवढे तुकडे होतात. चुकीचं माप म्हणजे काच भंगारात.

खर्च वाचवायला बरेच जण म्हणतात, ‘जुनी चौकट राहू द्या, आत नवी बसवा.’ काही घरांत ते चालतंही. चौकट लाकडी असेल तर आमचा माणूस खालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघतो. टोक लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं की विषय संपला, चौकट काढायची. कुजलेल्यावर नवं चढवलं की कूज झाकली जाते, थांबत नाही. शिवाय चौकटीत चौकट बसवल्याने काचेची जागा कमी होते. उजेड कमी झाल्याची तक्रार मग आमच्याच नावावर येते.

आमच्या कोटेशनवर लोक आधी हसतात, कारण ते दोन पानी असतं. सेक्शन, म्हणजे चौकटीची पट्टी, कुठला, त्याची जाडी किती, काच कुठली नि किती मिलिमीटर, रोलर, कडी आणि जाळी कसली, जुनी खिडकी कोण काढणार, राडारोडा कोण उचलणार, फुटलेला गिलावा कोण भरणार, सगळं लिहिलेलं. परवा एक ताई दुसऱ्याचं एका ओळीचं कोटेशन घेऊन आल्या. ‘तुमचं महाग आहे,’ म्हणाल्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘त्यांच्याकडून याच दोन पानांवर आकडे भरून आणा, मग तुलना करू.’ त्या परत आल्या की नाही, हा मुद्दा नाही. तुलना सारख्या गोष्टींची व्हावी.

काचेबाबत आम्ही विक्री कमी आणि प्रश्न जास्त करतो. त्रास कशाचा, उन्हाचा की आवाजाचा? मध्ये सीलबंद पोकळी असलेल्या दुहेरी काचेतून उष्णता एकेरीच्या साधारण निम्मी जाते, हे खरं. पण तिची कडेची सीलबंदी सुटली की आत वाफ धरते, आणि ती पुसता येत नाही. अख्खी जोडकाच बदलावी लागते. आवाजासाठी लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली, आणि रबरावर दाबून बंद होणारा उघडता पल्ला बरा. सरकत्या पल्ल्याला ब्रशची झालर असते, तिच्यातून हवा आणि आवाज दोन्ही येतात. तिथे महागडी काच लावून पैसे वाया घालवू नका, हे आम्ही तोंडावर सांगतो आणि कधीकधी काम गमावतो.

आता ती फट. तिथे आधी फोम, मग बाहेरून सिलिकॉन. फोम फुगताना चौकटीला आत ढकलतो, म्हणून मध्ये आडवे टेकू लावून ठेवायचे आणि हात आखडता घ्यायचा. तो उन्हात भुगा होतो आणि पाणीही अडवत नाही, म्हणून उघडा ठेवायचा नाही. सिलिकॉन न्यूट्रल जातीचं. व्हिनेगरसारखा वास येणारं दगडाला आणि धातूला बाधतं. खालच्या ट्रॅकला पाणी जायची जी भोकं असतात ती मात्र बुजवायची नाहीत. नव्या पोराचा हात उत्साहात तिकडे वळतोच, म्हणून शेवटी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातंय का हे घरमालकासमोर बघतो. शेवटचा हप्ता त्यानंतर. हमीचे कागद दोन: मालाचा कंपनीकडून, बसवण्याचा आमच्या सहीचा. गळतीची तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या कागदाखाली येते, तेव्हा तो मागून घ्या.

भावाला आता बाल्कनीचे मोठे सरकते दरवाजेही घ्यायचे आहेत. ग्राहकांना ट्रॅक फरशीत बुडवलेला हवा असतो, पायाला न लागणारा. बुडवलेल्या ट्रॅकमधलं पाणी कुठून बाहेर काढणार, हे तो मला कागदावर काढून दाखवेपर्यंत मी त्या ऑर्डरवर सही करणार नाही.