सत्तर सेकंदांचा एव्हरेस्ट, आणि तोही धनत्रयोदशीला

ऑपेरा हाउस, हार्बर ब्रिज, बाँडायचा किनारा हे सगळं तुम्ही फोटोत बघितलेलं आहे, आणि ते अगदी तसंच आहे. ब्लू माउंटन्सला धुकं होतं, डोंगर दिसलेच नाहीत. सिडनी संपलं. मला लिहायचंय ते रँडविकच्या रेसकोर्सबद्दल आणि तिथल्या ‘द एव्हरेस्ट’ या घोड्यांच्या शर्यतीबद्दल, जिथे मला मुळीच जायचं नव्हतं.

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार. धनत्रयोदशी. भाचेसुनेने चकलीची भाजणी मळायला घेतलेली (भाजणी मी इथून नेली होती, विमानतळावरच्या फॉर्मवर रीतसर लिहून, त्या देशात खाण्याच्या बाबतीत लपवाछपवी करू नये). शंकरपाळ्यांचं पीठ झाकून ठेवलेलं. आणि आमचे हे सकाळीच इस्त्रीचा शर्ट, कोट, पॉलिश केलेले बूट घालून सोफ्यावर तयार.

“अहो, आज धनत्रयोदशी आहे.”

“म्हणूनच तर. आज धन लावायचं नाही तर कधी?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ह्यांना रेसचा नाद लग्नाआधीपासूनचा. महालक्ष्मीचा सीझन सुरू झाला की आमच्या घरी रविवार नसतो. शनिवारी संध्याकाळी ‘कोल’ (रेसच्या घोड्यांची माहिती देणारं पुस्तक) घरात येतं, त्यावर लाल पेनाने खुणा होतात, आणि दुसऱ्या दिवशी जिंकले तर येताना श्रीखंड. हरल्याचं मला कधी सांगत नाहीत, ते पासबुकात दिसतं. तिकिटं भाच्याने आम्हाला न विचारता काढून ठेवली होती. मामा-भाचे आधीच ठरवून बसले होते, हे मला ट्रेनमध्ये कळलं.

भाच्याच्या वेंटवर्थव्हिलहून सेंट्रल स्टेशन, तिथून ट्रॅम. सगळी ट्रॅम त्याच दिशेची. पोरी मांडीपर्यंतच्या झग्यांत, डोक्याला पिसं आणि जाळी लावलेल्या, पायात इतक्या उंच टाचा की मला बघूनच घोट्यात कळ आली. पोरं मोजे न घालता बुटात. त्यातल्या अर्ध्यांनी तरी आयुष्यात घोड्याला हात लावला असेल का, कोण जाणे. ह्यांना मात्र श्रोता मिळाला होता (मी), आणि ट्रॅममध्ये पळून जायला जागा नव्हती.

तर ‘द एव्हरेस्ट’. रँडविकला रेस होतात त्या १८३३ पासून. मेलबर्न कप १८६१ सालचा, दोन मैलांचा, त्या दिवशी अख्खा देश काम थांबवून बघतो. ही शर्यत मात्र २०१७ ची, म्हणजे आमच्या वॉशिंग मशीनपेक्षाही लहान. अंतर १२०० मीटर. पहिल्या वर्षी बक्षीस एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, आता दोन कोटी. गवतावरच्या शर्यतींत जगात इतके पैसे मिळवून देणारी इतकी छोटी शर्यत दुसरी नाही. हे पैसे आणले कुठून, तर शर्यतीतल्या बारा जागाच विकल्या. सुरुवातीला एक जागा सहा लाख डॉलरला. बारा सक बहात्तर, बहात्तर लाख तिथेच जमा. जागा घेणाऱ्याकडे घोडा असलाच पाहिजे असं नाही. ज्याच्याकडे चांगला घोडा आहे त्याच्याशी नंतर बोलणी करायची, बक्षिसाची वाटणी ठरवायची.

“म्हणजे हॉल आधी बुक करायचा आणि नवरा मग शोधायचा,” मी म्हटलं. पलीकडच्या सीटवरचा एक तेलुगू मुलगा हसला. त्याला मराठी कसं कळलं, विचारायचं राहिलं.

मेलबर्नवाल्यांना ही शर्यत खुपते, कारण ती नेमकी त्यांच्या कॉलफिल्ड कपाच्या दिवशी ठेवलेली असते. कॉलफिल्डचं नाव निघाल्यावर ह्यांनी अर्थातच सांगितलं की आपलं महालक्ष्मी त्याच धर्तीवर बांधलंय. शिवाय न्यू साउथ वेल्सचे घोडे जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायचे, म्हणून त्यांना वेलर म्हणत, आणि आपल्याकडच्या जुन्या शर्यती या वेलर आणि अरबी घोड्यांच्याच. थोडक्यात ह्यांच्या मते आम्ही परक्या गावी चाललोच नव्हतो.

ऑपेरा हाउसची भानगड भाच्याने सांगितली. २०१८ साली या शर्यतीची जाहिरात ऑपेरा हाउसच्या शिडांवर दिव्यांनी रंगवायची ठरली. सिडनीकर खवळले. विरोधाच्या अर्जावर लाखांच्या वर सह्या झाल्या, आणि त्या रात्री लोक हातात बॅटऱ्या घेऊन समोर उभे राहिले आणि जाहिरातीवर उजेड मारत बसले. मला ही गोष्ट फार आवडली. जुगाराची जाहिरात देवळाच्या कळसावर लावली तर आपणही एवढं करू की नाही, शंका आहे.

पण लोक पैसे लावतात ते का, हे मला रेसकोर्सवर पोचेपर्यंत खरंच उमगलेलं नव्हतं. डर्बी आपली २४०० मीटरची, अडीच मिनिटं चालते. घोडा सुरुवातीला मागे राहिला तरी जॉकी सावरून घेतो, तुम्हालाही आशा ठेवायला वेळ मिळतो. बाराशेत तसं काही नाही. गेट उघडताना घोडा अर्धी लांबी चुकला, आतल्या कडेला कोंडला गेला, संपलं. त्यात रँडविकचा शेवटचा सरळ पट्टा चढणीचा. म्हणून कुठल्या घोड्याला कितवं गेट मिळालं यावर आठवडाभर चर्चा, म्हणून भाव सारखे खालीवर, आणि म्हणून नवख्यालाही वाटतं की आपणही काहीतरी ओळखू शकू. २०२२ ला गिगा किक नावाचा तीन वर्षांचा घोडा असाच जिंकला, मोठमोठे नावाजलेले मागे टाकून. त्याचा ट्रेनर तिशीच्या आतला. पहिली दोन्ही वर्षं रेडझेल जिंकला, त्याचे तर हिस्से करून घेतलेले कितीतरी मालक. २०२४ ला बेला निपोटिना, सात वर्षांची घोडी. ह्या एका निकालावर मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

त्याच दिवशी ‘कॉझिअस्को’ नावाची आणखी एक शर्यत असते, फक्त खेड्यापाड्यांतल्या ट्रेनरांच्या घोड्यांसाठी. तिच्यातल्या जागा लॉटरीने मिळतात. पाच डॉलरचं तिकीट पबमध्ये घ्यायचं, नंबर लागला तर घोडा निवडायचा हक्क तुमचा. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकपाशी आम्ही उभे होतो, तिथे असाच एक कंपू होता, एकसारखे टी-शर्ट घातलेला, उन्हाने माना भाजलेला. त्यांचा घोडा गोल फिरत समोर आला तेव्हा घोडेवाल्या मुलीने खिशातून पंचा काढून त्याच्या मागच्या मांड्यांमधला पांढरा फेस पुसला. घोड्याच्या मानेवरची शीर बोटाएवढी फुगलेली. हे हळूच म्हणाले, “घामेजलाय. लावू नको.” मी कुठे लावणार होते? तो कंपू मात्र घोड्याकडे असा बघत होता की त्याला भाव, घाम, काही लागू नाही.

खाण्याचं सांगते आणि मुद्द्यावर येते. एका स्टॉलवर बटाट्याच्या चिप्सचा द्रोण चौदा डॉलर. बसायला जागा नाही, सावलीला तर नाहीच. पन्नासेक हजार माणसं, त्यातली बहुतेक घोड्यांकडे पाठ करून उभी. सगळ्यांचे सट्टे मोबाइलवर. आणि प्रत्येक जाहिरातीखाली सरकारी इशारा: तुम्ही हरण्याचीच शक्यता आहे, अशा अर्थाचा. एका हाताने बोलवायचं, दुसऱ्या हाताने सांगायचं येऊ नका.

यंदाची शर्यत म्हणजे शर्यतच नव्हती असं लोक आधीपासून म्हणत होते. हाँगकाँगच्या जॉकी क्लबने एक जागा मिळवून आपला का यिंग रायझिंग आणलेला. घोडा जन्माने न्यूझीलंडचा, ट्रेनर डेव्हिड हेज आणि जॉकी झॅक पर्टन दोघंही मूळचे ऑस्ट्रेलियन, पण घोडा हाँगकाँगचा. डझनभराहून जास्त शर्यती सलग जिंकून आलेला. भाव इतका पडलेला की डॉलरला दीड डॉलरही मिळत नव्हता. आपल्याकडे ज्याला पैशांतला घोडा म्हणतात (रुपयावर नफा नुसता पैशांत), तसा. ह्यांचं मत: “यात काय लावायचं? शंभर गुंतवून तीस-चाळीस, आणि हरला तर शंभर.” म्हणून ह्यांनी दुसरा-तिसरा कोण येईल यावर डोकं लढवलं. पहिला सगळ्यांनाच माहीत होता.

आमच्याकडे तिथलं सट्ट्याचं खातं नाही, म्हणून खिडकीवर रांग. त्या रांगेत सगळे म्हातारे आणि परदेशी. ह्यांनी मला उभं केलं आणि स्वतः बुकींचे भाव बघायला गेले, नेहमीप्रमाणे. माझ्यापुढे एक चिनी आजोबा. स्वेटर, डोक्याला कापडी टोपी, काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी पाच डॉलरचं विनचं, म्हणजे घोडा पहिला येईल यावरचं, तिकीट मागितलं. छापून आलं. त्यांनी ते उजेडात धरून वाचलं आणि दुसरं मागितलं. पाच डॉलर, तोच घोडा. मग तिसरं. मागचा एक जण मोठ्याने उसासे टाकायला लागला. खरं सांगायचं तर मीही वैतागले. पन्नास डॉलर लावायचे तर एकदाच लावा ना!

दहा तिकिटं झाल्यावर ते बाजूला झाले, पण माझं होईपर्यंत तिथेच उभे होते, तिकिटं एकेक करून फोल्डरच्या कप्प्यांत घालत. मी विचारलं, दहा का? त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, त्यामुळे छान जमलं. एक माझं, बाकीची मित्रांची. ते पैसे घ्यायला जाणार नव्हते. जिंकल्यावर तिकीट मोडायचंच नसतं म्हणाले, ठेवायचं असतं.

मग त्यांनी फोल्डरचा मागचा कप्पा उघडून एक झेरॉक्स दाखवली. सायलेंट विटनेसचं तिकीट. हा हाँगकाँगचा जुना घोडा, सलग सतरा शर्यती जिंकलेला, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. २००३ साली तिथे सार्सची साथ आली, माणसं मास्क लावून घरात बसली, आणि त्याच काळात हा घोडा हरायचं नावच घेत नव्हता. आजोबांनी तेव्हाचं तिकीट ठेवलं, पण त्या कागदावरची शाई हळूहळू उडते. पार कोरं व्हायच्या आत त्यांनी झेरॉक्स काढून घेतली. मूळ तिकीट कुठंय म्हणून विचारलं तर म्हणाले, तेही आहे, पण आता त्यावर काही नाही. पुढे मुलीकडे सिडनीला आले, कप्प्यासकट. यंदा गावचा घोडा इथे येणार म्हटल्यावर त्यांनी मुलीला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं.

ह्यांच्याबरोबर संसार करताना मी रेसचा एकच हिशेब पाहिलाय: किती लावले, किती आले. ज्या घोड्यावर लावण्यात काही अर्थ नाही असं आख्खं रेसकोर्स म्हणत होतं, त्यावरच या माणसाने दहा वेळा लावले, आणि एकही डॉलर परत नको म्हणून. मी काय बोलणार? म्हटलं, मलाही एक द्या. खिडकीवरच्या बाईला वाटलं असेल की आम्ही एकाच घरचे.

चार वाजून गेल्यावर शर्यत. मला दिसलं ते एवढं: समोरच्या बाईच्या टोपीवरचं निळं पीस, त्याच्या आड रंगीत रेशमी शर्टांचा एक घोळका, आणि चढणीवर त्यातून सुटून पुढे आलेला एक. बाकी मोठ्या पडद्यावर. सत्तर सेकंदांच्या आत सगळं आटोपलं. कुणी त्याच्या जवळपास फिरकलं नाही. आमच्या डावीकडे हाँगकाँगची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडत होती, आणि बाकीचे ज्यांनी त्याच्यावर लावलं नव्हतं तेही ओरडत होते. आजोबा कुठे दिसले नाहीत. एवढ्या गर्दीत दिसणार तरी कसे?

ह्यांचे दुसरा आणि तिसरा दोन्ही चुकले. “घामेजलेला नव्हता तरी चुकला,” मी म्हटलं. उत्तर आलं नाही.

माझं तिकीट मी मात्र लगेच मोडलं. आजोबांचं ठीक आहे, त्यांचा घोडा होता. धनत्रयोदशीला दारी आलेली लक्ष्मी मी फोल्डरमध्ये घालून ठेवणार नाही. पाचाचे सातसुद्धा झाले नाहीत, चिप्सचा अर्धा द्रोणही आला नसता. तरी ते पैसे मी पर्समध्ये वेगळे ठेवले, ह्यांच्या हाती लागू नयेत म्हणून.

परतीच्या ट्रॅमला ही गर्दी. टाचांच्या चपला हातात घेऊन पोरी अनवाणी उभ्या. तिकडे ऑक्टोबरात दिवस मोठा असतो म्हणून बरं, घरी पोचून यमदीपदान वेळेत झालं. दक्षिण कुठली यावर मामा-भाच्यांची दहा मिनिटं चर्चा झाली, मोबाइलमधल्या होकायंत्रासकट. चकल्या भाचेसुनेने एकटीने तळून ठेवल्या होत्या आणि ती कुणाशीही बोलत नव्हती. मला तिचं पटलं.

रात्री जेवताना हे म्हणाले, “नोव्हेंबरात महालक्ष्मीचा सीझन सुरू होईल. तूही चल एकदा. तुझा हात चांगला आहे.”

“गेल्या महिन्यापासून सट्ट्यावर चाळीस टक्के जीएसटी लागलाय ना?” मी विचारलं.

“अठ्ठावीस होता तेव्हाही मी जातच होतो की.”

“मग तो तुम्ही भरा. मी पाच रुपये आणते.”