फिल्मच्या पोटात काय दडलंय?

गोव्यात ताळगावच्या पठारावर पावसाळ्यात हवा इतकी दमट, की ग्लोव्हबॉक्समधून, म्हणजे कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीतून, नमुना बाहेर काढायचा धीर होत नाही. नमुना म्हणजे सेंद्रिय सौरघटातली प्रकाश शोषणारी फिल्म, जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीची. त्यात पी३एचटी हा इलेक्ट्रॉन देणारा पॉलिमर आणि पीसीबीएम हा इलेक्ट्रॉन घेणारा रेणू एकमेकांत गुंतलेले. प्रकाशाने तयार झालेला एक्सिटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची बांधलेली जोडी, साधारण १० नॅनोमीटरच भटकतो. तेवढ्यात दोघांची सीमा गाठली नाही तर वीज न देताच संपला! म्हणून ही वीण बघायची धडपड.

एएफएम या सूक्ष्मदर्शकाची सुई पृष्ठभाग चाचपत जाते, फेज इमेजमध्ये, म्हणजे सुईच्या कंपनातल्या फरकाच्या चित्रात, मऊ-कडक भाग वेगळे दिसतात. चित्र देखणं येतं, पण फक्त वरच्या थराचं. आतलं बघायला टीईएम, म्हणजे नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवणारा सूक्ष्मदर्शक. तिथे दोन्ही पदार्थ मुख्यतः कार्बनचेच, त्यामुळे साध्या चित्रात सगळं राखाडी. ठरावीक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन गाळून घेतले, की फरक उठून दिसतो. नुसत्या एएफएम चित्रावर कार्यक्षमतेचे इमले बांधणारे शोधनिबंध मी हल्ली संशयानेच वाचते.