मेणवलीची घंटा आणि वसईचे चर्च

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की पहिला मुक्काम लोणंदला पडतो आणि आमच्या वाईकडच्या दिंड्या तेथे जाऊन सोहळ्यात मिसळतात. धोमच्या बाजूने निघालेल्या आमच्या दिंडीला त्याआधी मेणवली लागते. नाना फडणवीसांना १७६८ मध्ये मिळालेले हे कृष्णाकाठचे गाव वाड्यासाठी आणि घाटासाठी प्रसिद्ध आहे. चित्रीकरणाला येणाऱ्यांना तेवढे पुरते. आम्ही विसाव्याला टेकलो ते मात्र मेणेश्वराजवळच्या छोट्या देवळीत टांगलेल्या मोठ्या घंटेपाशी. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियम कोरलेली आहे. डोक्यावरचे तुळशीवृंदावन खाली ठेवून एका आजींनी त्या आकृतीवर हात फिरवला आणि, "लेकुरवाळी हाय गं बाय," म्हणून नमस्कार केला.

ही घंटा वसईची. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या दोनशे वर्षांत तेथील किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा निरनिराळ्या संघांची चर्चे आणि मठ उभे राहिले. त्यांतल्या सेंट जोसेफच्या मुख्य चर्चचा १६०१ मध्ये जीर्णोद्धार झाल्याचा शिलालेख दर्शनी भिंतीवर आहे. १७३९ च्या मे महिन्यात, सुरुंग लावून तट फोडल्यावर आणि अनेक मावळे पडल्यावर चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला; पोर्तुगीज निघून गेले आणि चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावरच्या देवळांत पोचल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच, भीमाशंकरची तशीच.

मागे राहिलेल्या वास्तूंची गत मी वसईला जाऊन पाहिली आहे. सेंट जोसेफचा मनोरा उभा आहे, पण छप्पर नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली कोरीव थडग्यांचे दगड आहेत आणि वर उघडे आभाळ आहे. उपासक दूर गेले, किल्ल्याचे महत्त्व संपले, लाकूडकाम गेले, की दगडी भिंतीसुद्धा किती काळ तग धरणार? आजूबाजूच्या गावांतला ख्रिस्ती समाज मात्र कोठे गेला नाही. तो आपल्या मराठी बोलीसह तेथेच नांदतो.

आमच्या वीणेकरीबुवांना हा इतिहास ठाऊक होता, पण घंटा चर्चची होती हे पोरांना सांगायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही. वसईचा विजय मोठा होता आणि त्याचा अभिमान मलाही आहे. परंतु तो सांगताना घंटा आणली एवढेच सांगून ती कोठून उतरवली हे गाळले, तर चिमाजीअप्पांची मोहीमही अर्धीच सांगितली जाते. शिवाय ज्या चर्चच्या भिंती ढासळल्या, त्यांच्यातली एक वस्तू आपल्या नदीकाठी शाबूत राहिली आहे, हे लपवण्यासारखे थोडेच आहे? बुवा एवढेच म्हणाले, "माउली, मग सांगायचंच तर मरियमेचं नावही नीट सांगा." पुढे वाईपर्यंत चालताना दिंडीतल्या मुलांना मी ते सांगत गेलो, आणि मुलांनी देवापेक्षा सुरुंगांविषयीच अधिक प्रश्न विचारले.