कौन्सिलचं घर विकत घेताना ऑफर अडली, तेव्हा आम्ही काय केलं

आम्ही इंग्लंडमध्ये, ईस्ट मिडलंड्समधल्या एका शहरात कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरात राहत होतो. आता ते घर आमचं आहे. पण मधल्या काळात जो मनस्ताप झाला तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

३० ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये जाहीर झालं की २१ नोव्हेंबरपासून राइट टू बायची (भाडेकरूने आपलं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घ्यायच्या हक्काची) सवलत कमी होणार. आमच्या भागात कमाल सवलत १,०२,४०० पौंडांवरून थेट २४,००० वर येणार होती. त्या तारखेआधी कौन्सिलच्या हातात पडलेल्या अर्जांना मात्र जुनी सवलत. मी आणि नवऱ्याने रात्री बसून आरटीबी-वन हा अर्जाचा फॉर्म भरला, दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मी स्वतः काउंटरवर जाऊन तो दिला आणि तारखेची पोच घेतली. ती पोच पुढे फार कामाला आली.

आमचा हक्क मान्य असल्याचं पत्र चार आठवड्यांच्या मुदतीत आलं. त्यानंतर खरी गंमत नव्हे, खरा छळ सुरू झाला.

हक्क मान्य झाला की कौन्सिलने किमतीची ऑफर, म्हणजे कलम १२५ ची नोटीस, द्यायची असते. घराला आठ आठवडे, लीजवरच्या फ्लॅटला बारा. आमचे आठ आठवडे उलटले. फोन केला की उत्तर एकच: अर्ज खूप आलेत, तुमचा नंबर आला की कळवू. बजेटनंतर सगळीकडेच अर्जांचा ढीग पडला होता हे मला समजत होतं. पण माझा अर्ज कुठल्या टेबलावर आहे, हे सांगायला काय हरकत होती? सर्व्हेअर येऊन घर बघून गेला, तेव्हा वाटलं आता झालंच. पुन्हा शांतता. मग कळलं, मूल्यांकन झालंय, पण वरच्या साहेबांची सही राहिलीय. तोवर बँकेने मॉर्गेजसाठी दिलेलं तत्त्वतः मंजुरीपत्र संपलं, ते नव्याने घ्यावं लागलं. सासूबाई सांगलीहून दर रविवारी विचारायच्या, "झालं का गं घर नावावर?" आणि मला रडू यायचं. फोनवर दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं.

शेवटी मी सरकारी वेबसाइटवर नियम वाचत बसले आणि आरटीबी-सिक्स सापडला. कौन्सिल मुदत पाळत नसेल तर भाडेकरूने द्यायची ही उशिराची पहिली नोटीस. तिच्यात कौन्सिलला उत्तरासाठी किमान एक महिना द्यावा लागतो. त्या काळात त्यांनी काम पुरं केलं, तर ते आरटीबी-सेव्हन नावाची उलट नोटीस देऊ शकतात. काहीच केलं नाही, तर आपण आरटीबी-एट ही पुढची नोटीस द्यायची, आणि मग उशिराच्या काळात भरलेलं भाडं घराच्या किमतीतून वजा होतं. हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. दोन्ही फॉर्म फुकट आहेत, वकील लागत नाही. आरटीबी-सिक्स मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. महिना गेला, उत्तर नाही. आरटीबी-एट पाठवला. त्यानंतर मात्र ऑफर आली, आणि नंतर हिशेबात भाडंही वजा झालं. तेवढ्यासाठी मी भांडले याचा मला अभिमान आहे.

आकडे सांगते, म्हणजे अंदाज येईल. घराची किंमत धरली १,८०,००० पौंड. घराला तीन ते पाच वर्षांच्या भाडेकरारावर ३५ टक्के सवलत, पाचच्या पुढे दर वर्षाला एक टक्का जास्त. आमची चौदा वर्षं झाली होती, म्हणून ४४ टक्के, म्हणजे ७९,२०० पौंड सुटले. अर्ज २१ नोव्हेंबरला गेला असता तर फक्त २४,००० सुटले असते. (फ्लॅटचं गणित वेगळं आहे: पन्नास टक्क्यांपासून सुरुवात, आणि दर वर्षाला दोन टक्के.)

हो, एक राहिलं: किंमत अर्जाच्या तारखेची धरतात, ऑफरच्या तारखेची नाही. आमच्या पोचेचं मोल तिथे कळलं. आणि तुम्ही स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणा किमतीत धरायच्या नसतात. आमचं नवीन स्वयंपाकघर आमच्या पैशांचं होतं, त्याच्या पावत्या आम्ही सर्व्हेअरला दाखवल्या. किंमत जास्त वाटली तर ऑफर मिळाल्यापासून तीन महिन्यांत डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरकडून, म्हणजे सरकारी मूल्यांकन अधिकाऱ्याकडून, फेरमूल्यांकन मागता येतं. पण त्याने ठरवलेला आकडा आधीपेक्षा वाढूही शकतो, म्हणून आम्ही मागितलं नाही.

सॉलिसिटर, मॉर्गेज, सह्या हे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फक्त घर विकायची घाई असेल तर आधी विचार करा. पहिल्या पाच वर्षांत विकलं तर सवलत परत करावी लागते, पहिल्या वर्षी पूर्ण आणि मग दर वर्षी वीस टक्क्यांनी कमी. दहा वर्षांच्या आत विकायचं तर आधी कौन्सिलला विचारावं लागतं.

आणि ऑफर आल्यावर बारा आठवड्यांत लेखी उत्तर द्या. कौन्सिलने कितीही उशीर केलेला असो, ही मुदत मात्र आपल्यालाच पाळायची असते.