लिफ्टच्या जाळीची गोधडी

आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे. जाळीचा सरकता दरवाजा, तोही हाताने ओढायचा. बंद केला की लोखंडी पट्ट्यांच्या कैच्या पसरतात आणि मधली भोकं चांगली रुंद होतात. उघडला की सगळं एका बाजूला गोळा होऊन भोकांच्या नुसत्या चिरा उरतात. हा दरवाजा मी दिवसातून चारदा तरी ओढते, आणि बारा वर्षं तो खरखरतो कसा यापलीकडे त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. एकदा वीज गेली आणि दोन मजल्यांच्या मध्ये वीस मिनिटं अडकले. मोबाइलही घरी राहिला होता. मग बघायला समोर दरवाजाच होता.

त्यात एक गोष्ट दिसली. दरवाजा पूर्ण ओढला गेला नव्हता, त्यामुळे एका टोकाची भोकं अरुंद, मधली रुंद, असा क्रम लागला होता. म्हटलं, हा तर काठ आहे.

आजवर मी केलेल्या सगळ्या गोधड्यांना काठ शेवटी लागला. आधी मधलं अंग जुळवायचं, मग उरलेल्या कापडात काय बसेल ते चारी बाजूंनी लावायचं. या वेळी काठ आधी ठरला होता आणि मधे काय भरायचं याचा पत्ताच नव्हता. हा उलटा क्रम किती महागात पडेल याची तेव्हा कल्पना नव्हती. महागात म्हणजे वेळेच्या हिशेबात.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन लिफ्टमध्ये शिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आत आल्या.

"काय गं, दरवाजा बदलतायत की काय?"

"नाही हो काकू, गोधडी शिवतेय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं, आणि त्यांचा मजला येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

आधी जे सगळ्यांना सुचेल तेच मी केलं. दरवाजा म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या, म्हणून फिकट कापडावर पाव इंची गडद पट्ट्या आडव्यातिडव्या शिवायला घेतल्या. पाव इंचाची पट्टी म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया (शिवणीत आत जाणारं जास्तीचं कापड), म्हणजे दिसतं त्याच्या दुप्पट कापड मागे दडलेलं. तीन पट्ट्या झाल्यावर तो तुकडा पुठ्ठ्यासारखा कडक झाला, आणि फुल्या जिथे जुळायला हव्या तिथे प्रत्येक ठिकाणी दोन-तीन धागे सरकलेल्या. दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या.

उत्तर पुन्हा लिफ्टमध्येच मिळालं. रात्री जिन्यातला दिवा दरवाज्याच्या मागे लागलेला असतो. अशा वेळी लोखंड दिसतच नाही, प्रकाशाचे उभट शंकरपाळी आकार तेवढे दिसतात. म्हणजे शिवायची ती भोकं. फिकट शंकरपाळी आणि तिच्या चारी कोपऱ्यांत गडद त्रिकोण, इतकंच. लोखंड आपोआप मागे उरतं.

मग आलेखाचा कागद काढला. काठाची रुंदी ६ इंच धरली, म्हणजे प्रत्येक शंकरपाळी ६ इंच उंच. सगळ्या सारख्या ४ इंच रुंद घेतल्या असत्या तर काम सोपं होतं: ४८ बाय ७२ चं मधलं अंग, आडवे १२ नग, उभे १८ नग, विषय संपला. तसं काढूनही पाहिलं. फरशीची नक्षी वाटली. दरवाजा सरकतो, ते त्यात कुठेच नव्हतं. म्हणून कोपऱ्यापासून २, ३, ४, ५ इंच अशा रुंदावत जाणाऱ्या, मधे सगळ्या ६ इंची, आणि पुढच्या कोपऱ्याकडे पुन्हा ५, ४, ३, २ असं ठरवलं. (खऱ्या दरवाज्यात कैचीच्या पट्टीची लांबी बदलत नाही, त्यामुळे भोक अरुंद झालं की उंच होतं. माझ्या काठात उंची सगळीकडे ६ इंच. ही लबाडी आजवर कुणाच्या लक्षात आलेली नाही.)

आता हिशेब काठाच्या हातात गेला. दोन्ही टोकांच्या चढत्या-उतरत्या नगांचे १४ आणि १४ मिळून २८ इंच, आणि मधे सहाच्या पटीत काहीही. आखूड बाजूला ६ इंची तीन घेतल्या तर ४६ इंच, लांब बाजूला सात घेतल्या तर ७०. मनातलं ४८ बाय ७२ गेलं. ४६ आणि ७० मध्ये २ इंचांहून मोठा कुठलाही सरळसोट चौकोन नीट बसेना. शेवटी काठ आणि मधलं अंग यांच्यामध्ये १ इंचाची सपाट पट्टी घातली. आत उरलं ४४ बाय ६८, आणि त्यात ४ इंची चौकोन ११ बाय १७ असे नेमके बसले. एकूण १८७. ती पट्टी तेव्हा नाइलाज म्हणून घातली होती. पुढे तिनेच सगळी गोधडी वाचवली.

शंकरपाळ्या आखूड बाजूला ११, लांब बाजूला १५, म्हणजे सगळ्या मिळून ५२. त्यांचे गडद त्रिकोण २०८.

ते त्रिकोण मी आधी आयत तिरका कापून काढले. चौकोन कर्णावर कापला तर त्रिकोण कसाही फिरवता येतो. आयताचा त्रिकोण फिरवता येत नाही, त्याला डावा-उजवा असतो. हे माहीत असूनही एकावर एक सुलट थर ठेवून सरळ कापत सुटले आणि चाळीस त्रिकोण एकाच बाजूला कलंडलेले निघाले. कापड घडी घालून, सुलट बाजू आत ठेवून कापलं की डावे-उजवे जोडीने निघतात. त्यातही आणखी एक गंमत आहे. माया धरून कापलेल्या आयताचा कर्ण हा शिवून झाल्यावरच्या आयताचा कर्ण नसतो, थोडा ढळतो. त्यामुळे जे नग जुळले त्यांची टोकं शिवणीत गेली.

तेव्हा कागदाची पद्धत घेतली, आणि असल्या आकारांना दुसरी कुठली घेऊ नये असं आता मत झालंय. पातळ कागदावर शंकरपाळी खऱ्या मापात काढायची, भोवती पाव इंच माया आखायची. कागदाच्या मागच्या बाजूला मधलं फिकट कापड ठेवायचं, त्यावर गडद तुकडा सुलट्यावर सुलट ठेवून टाचणी लावायची आणि कागद वर करून आखलेल्या रेषेवरूनच मशीन मारायची. जास्तीचं कापायचं, तुकडा उलटवून इस्त्री, मग पुढची बाजू. टाका दीड मिलिमीटरवर आणायचा, म्हणजे कागदाला जवळजवळ भोकं पडतात आणि नंतर तो सहज फाटून येतो. तुकडे सढळ हाताने कापायचे. इथे काटकसर केली की उलटवल्यावर कोपरा उघडा पडतो. कापड वाया जातं खरं, पण उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कडा ताणल्या जात नाहीत, कारण कागद त्यांना धरून ठेवतो. म्हणून शेजारच्या नगाला जोडून होईपर्यंत कागद काढायचा नाही. मी पहिल्या चार नगांचे उत्साहाने आधीच काढले होते. त्यातला एक आजही कुशीवर वळल्यासारखा दिसतो.

कोपरे हे वेगळंच प्रकरण. आडवा काठ तिथे संपतो, उभा सुरू होतो, मधे ६ इंचाचा चौकोन रिकामा. शंकरपाळी वळवून बघितली, तिरकी करून बघितली, नुसतं गडद कापड ठेवून बघितलं. त्या नुसत्या चौकोनाने गोधडीचे चारी कोपरे कापून टाकल्यासारखे वाटायचे. शेवटी परत दरवाज्याकडे. पूर्ण उघडला की तो कसा दिसतो? उभ्या पट्ट्या एकीला एक चिकटलेल्या. म्हणून कोपऱ्यात १ इंची पट्ट्या, एक गडद, एक फिकट. बाहेरच्या टोकाला १ इंचाचा चौकोन, त्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या, त्यांच्या बाहेरून आणखी दोन, अशी पाच वळणं. दोन्हीकडून येणारा काठ मिटत मिटत कोपऱ्यात जातो आणि दुसऱ्या बाजूला परत उघडतो. सगळ्या कामात एकदम जमलेली ही एकच गोष्ट.

मधल्या अंगाला मात्र मी पहिल्यांदा न्याय दिला नाही. जुने शर्ट, ओढण्या, उरलेले तुकडे, सगळे आवडते रंग भरले. जमिनीवर मांडलं आणि काठ दिसेनासा झाला. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करून बघितला. डोळ्यांना लाल आणि हिरवा कितीही वेगळे वाटले तरी त्या फोटोत दोघांचा राखाडी एकच निघाला, आणि काठातल्या मधल्या छटांशीही तो मिसळला. आवडते तुकडे परत पिशवीत गेले. मधे फक्त तीन फिकट छटा ठेवल्या, कोरा, राख आणि मळकट पिवळा, तेही ठरावीक नक्षीशिवाय. जवळच्या सगळ्यांना ते मधलं अंग बेचव वाटलं. मला नाही वाटत.

मग मापं. १७ चौकोनांच्या एका रांगेत १६ शिवणी. इस्त्री केल्यावर कापडाची घडी स्वतःच एक-दोन धागे खाते, म्हणून शिवण पाव इंचाहून केसभर कमी घ्यावी लागते. मी बरोबर पाव घेतली. प्रत्येक शिवणीत इंचाचा सोळावा भाग गेला आणि ६८ इंचांचे ६७ झाले. काठ कागदावर शिवलेला, त्यामुळे तो मात्र नेमका ७०.

इथे ती १ इंचाची पट्टी कामाला आली. तिची कापीव रुंदी माया धरून दीड इंच हवी होती. मी अडीच इंच रुंद कापून लावली आणि मग सगळं अंग मायेसकट ४६.५ बाय ७०.५ असं काटकोनात छाटलं. पट्टी आता कुठे सव्वा इंच आहे, कुठे दीड. एकाच कापडाची सपाट पट्टी असल्यामुळे डोळ्याला कळत नाही.

पण ती पट्टी पहिल्यांदा लावतानाही माती खाल्ली होती. लांब पट्टी कडेवर ठेवून शिवत गेले आणि शेवटी उरलेली कापून टाकली. कड हाताळून हाताळून सैल झालेली असते, ती मशीनखाली आणखी ताणते, आणि पट्टी तिच्या मागे जाते. जमिनीवर पसरल्यावर काठाला झालरीसारख्या लाटा. उसवलं. माप कडेचं घ्यायचं नाही, मधून घ्यायचं. समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्या एकाच मापाच्या कापायच्या. पट्टीचा आणि कडेचा मध्य जुळवून टाचणी, मग पाव भागांवर टाचण्या, आणि फरक त्यांच्यामध्ये थोडा थोडा जिरवायचा. हे मी दुसऱ्यांना कितीदा सांगितलं असेल!

कापसाचा थर आणि अस्तर घालून कच्चे टाके मारले आणि हाताने धावदोरा घालायला घेतला, मधून बाहेरच्या दिशेने. मधल्या चौकोनांवर साध्या आडव्या ओळी. काठाशी आले तेव्हा शंकरपाळीच्या आतून वेगवेगळा दोरा घालणार होते, पण ५२ ठिकाणी गाठ मारायचा कंटाळा आला. एका सलग दोऱ्यात होतंय का बघितलं. एकीच्या वरच्या टोकापासून निघायचं, तिची उजवी बाजू उतरायची, तसंच पुढे जाऊन शेजारणीचं खालचं टोक गाठायचं, मग तिसरीच्या वरच्या टोकाकडे चढायचं. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परतीच्या वाटेवर उरलेल्या बाजू. नग ११ आणि १५, दोन्ही विषम, त्यामुळे दोरा वरून निघाला की पलीकडे वरच पोचत होता. हे मी ठरवलेलं नव्हतं. फिकट जाड दोरा गडद कापडावरून जाऊ लागला आणि दोन रेषा जिथे एकमेकींना ओलांडत होत्या तिथे कैची दिसायला लागली. सुरुवातीला पाव इंची पट्ट्यांनी जे होईना, ते लोखंड दोऱ्याने आलं.

गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, शेवटी. २८० इंचांचा घेर, वर सांध्यासाठी दहा-बारा इंच. अडीच इंची पट्टी दुहेरी करून लावली. शंकरपाळ्यांची टोकं काठाच्या बाहेरच्या मायेला अगदी टेकलेली, म्हणजे गोटाची शिवण पाव इंचाहून धागाभर जरी आत गेली तरी टोकं गिळली जाणार. तीन बाजू जीव मुठीत धरून शिवल्या. चौथ्या लांब बाजूला रात्र झाली होती, अजून एवढंच राहिलंय म्हणून बसून राहिले, आणि पंधरापैकी नऊ शंकरपाळ्यांची टोकं गोटाने चावून टाकली.

उसवायला हवं होतं. पहिल्या धुण्यात सगळं कापड थोडं आटलं, गोधडीला सुरकुत्या आल्या, टोकांचं तितकंसं वाटेना. अंथरताना ती बाजू मी भिंतीकडे करते.